मी कंट्रोल ग्रुपचा प्रमुख होतो

चि. सौ. चिमणीस दादाचे आशीर्वाद.

तुझे गुडघे आता जिने चढू देतात का? आमचे मेहुणे अजून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात का? इथे सगळं क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला, आता उतारवयात इतकं धडधडीत चुकीचं वाक्य हातून कागदावर उतरेना. तर ऐक. तुझी लेक माझ्याशी बोलत नाही. परवा जिन्यात समोरासमोर आलो, तर माझ्या डोक्यावरून तिने वर दारात उभ्या असलेल्या मामीला हाक मारली. तिच्या प्रबंधाचे मी बारा वाजवले असं तिचं म्हणणं. तिची बाजू तुझ्या कानावर आली असेलच (ती तुझ्यापाशी रडते, मला ठाऊक आहे), म्हणून माझी बाजू लेखी पाठवतो आहे.

तिचा विषय तुला माहीत आहे. माणूस नवी गोष्ट कशी शिकतो आणि कौतुक केलं तर लवकर शिकतो का. त्यासाठी तिला साठीपुढची माणसं हवी होती, आणि ऐनवेळी दोन कमी पडली म्हणून तिने आम्हा नवराबायकोला धरून नेलं. मानसशास्त्र विभागातली फिनाइलच्या वासाची एक खोली. टेबलावर आरसा उभा, समोर कागदावर दुहेरी रेघांची चांदणी, आणि आपला हात एका फळीआड झाकलेला. आरशात बघून त्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं ना? अगं, पुढे न्यावी म्हटलं की ती मागे येते! पहिल्या दिवशी माझी चांदणी चपलेखाली सापडलेल्या कोळ्यासारखी दिसत होती. (तुझ्या वहिनीचीही तशीच होती, हे मुद्दाम नोंदवतो.)

मग चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दारावरच्या मदतनीस मुलीने सांगितलं, काका, तुम्ही कंट्रोल ग्रुपमध्ये. आता तूच सांग, छापखान्यात एवढ्या वर्षांचा विभागप्रमुख असलेल्या माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा? मला वाटलं, ग्रुपवर कंट्रोल ठेवायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी नम्रपणे मान डोलावली. घरी येऊन तुझ्या वहिनीला म्हटलंसुद्धा, की बघ, शिकलेल्या लोकांना माणसाची पारख असते. ती नुसतीच भाजी निवडत राहिली.

पुढे काय झालं, की खोलीत तुझी लेक माझ्यासमोर तोंडाला कुलूप घालून बसायची. मी जिवाचा आटापिटा करून चांदणीचं एक टोक पार करावं आणि तिने म्हणावं, पुढचा कागद. बस्स! ज्या मुलीला कडेवर घेऊन मी गावभर फिरलो, तिला मामासाठी एक शब्द सापडू नये? आणि माझ्यानंतर मामीची पाळी आली की दाराबाहेर बाकावर मला स्वच्छ ऐकू यायचं, वा मामी, काय सुंदर वळण घेतलंत! माझ्या गटातली बाकीची मंडळी माझ्यासारखीच तोंडं पाडून बाहेर येत. एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, एक शिंपीणबाई, एक निवृत्त तिकीट तपासनीस. प्रमुख म्हणून मला ते बघवेना. मी कामाला लागलो. घड्याळवाल्यांना म्हटलं, हात असावा तर असा. शिंपीणबाईंना म्हटलं, तुम्ही रेघ मारत नाही, शिवता. तपासनीसांना म्हटलं, तुमच्या नजरेतून आरसासुद्धा सुटणार नाही. मंडळी काय फुलली म्हणून सांगू! तिसऱ्या आठवड्यात आमच्या गटाच्या चांदण्या मामीच्या गटाच्या तोडीस तोड यायला लागल्या. तेव्हा मी छाती फुगवून तुझ्या लेकीला माझी कार्यपद्धती समजावून सांगितली.

ती मटकन बाकावर बसली. मग कळलं, की कंट्रोल ग्रुप म्हणजे ज्यांच्यावर कोणाचाच काही प्रयोग चालू नसतो तो गट. एकांचं कौतुक करायचं, दुसऱ्यांचं मुळीच नाही, आणि मग फरक बघायचा. मी तो फरकच पुसून टाकला होता. रडता रडता ती म्हणाली, मामा, परक्या माणसांचं एवढं कौतुक करत सुटलास, मग मामीचं का नाही केलंस कधी? खरा कंट्रोल ग्रुप तुझ्या घरात आहे!

मी म्हटलं, अगं, आमच्या धंद्यात बरोबर ओळीवर कोणी काही लिहीत नाही. समासात खूण नाही याचाच अर्थ सगळं ठीक. घरीसुद्धा माझं तेच धोरण. पण परत येताना आठवत गेलो, तर समास मी कोरा कुठे सोडला होता? मीठ, पडदे, पाहुण्यांपुढे ठेवलेल्या कपाचा कान, सगळीकडे खुणा! तुझ्या वहिनीने तिची शेवटची चांदणी स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवली आहे. त्या दिवशी ती बघून मी काय म्हणालो असेन? कागद तिरका लागलाय. मला त्या खोलीत तीन आठवडे कोणी वा म्हटलं नाही तर मी रुसून बसलो, आणि हिने छत्तीस वर्षं काढली. खरं सांगतो चिमणे, फार वाईट वाटलं.

म्हणून मी सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी म्हणालो, चहा समाधानकारक आहे. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी म्हणालो, पडद्यांची निवड निर्दोष. त्यावर ती चक्क हसली! मी चेकाळून पुन्हा तेच म्हणालो, तर ढिम्म. कधी हसेल आणि कधी नाही, काही थांग लागत नाही. त्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत माझं आपलं चालूच असतं.

मेहुण्यांना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप.

तुझा,
दादा

ता. क. लेकीची समजूत घाल हे तर आहेच, पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं. मेहुणे तुझ्याशी गोड बोलतात, त्यातली दहाबारा वाक्यं उतरवून पाठव. शुद्धलेखन मी इथे तपासून घेईन.

ता. क. वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी माझ्या. वाक्यं मुळीच पाठवू नका, त्यांची त्यांना सुचू देत. आणि लेकीची काळजी सोडा. एकाच माणसाचाही अभ्यास करता येतो म्हणे. आधी तो कसा वागायचा आणि आता कसा वागतो, हे टिपत जायचं. तिच्या सरांनी होकार दिलाय. संपल्यावर यांना सगळं सांगून यांची परवानगीही घ्यायची आहे. ‘आधी’चं सगळं मी तोंडपाठ सांगितलं. ती मामाशी बोलत नाही, कारण बोलायला गेली तर तिला हसू फुटतं. तिने मला बजावलंय, मामी, दर वेळी हसायचं नाही, मधूनच कधीतरी हसायचं, तशीच सवय पक्की होते. मी नेमाने पाळतेय. पण काल सकाळी हे कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, चांदणी सरळच आहे गं, मीच तिरका उभा होतो. तेव्हा माझ्याने नियम पाळवला नाही. हे तेवढं लेकीला सांगू नका, तिचे आकडे बिघडतील.