पदराखालचे हात

प्रिय आई,

काल निरवांगीला जाऊन आलो, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. पाळक म्हणून देवाशी बोलायची सवय आहे मला, पण हे तुलाच सांगायचं आहे.

तुझी मैत्रीण राहेलमावशी तिथं अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिला तीनदा सांगितलं, प्रभुभोजनाची भाकर घेऊन येतो. तिन्ही वेळा इथं बारामतीत चर्चचं काहीतरी काम निघालं. शेवटी तूच एसटीनं गेलीस, भाकरी मोडलीस, द्राक्षरसाच्या जागी कोरा चहा पाजलास आणि प्रार्थना केलीस. मला कळल्यावर मी काय केलं? चर्चमध्ये, भर मंडळीसमोर तुला उभं केलं! म्हणालो, "याजकपण म्हणजे पोरखेळ नाही. हे काम दीक्षा घेतलेल्याचं."

तू एवढंच म्हणालीस, "ती वाट बघत व्हती रं. तू आलाच न्हाईस."

भांडली असतीस तर बरं झालं असतं! पण तू कसली भांडतेस? निरवांगीला जाणं थांबवलंस, आणि दर प्रभुभोजनाला शेवटच्या बाकावर हात पदराखाली घेऊन बसू लागलीस. मी भाकर घेऊन तुझ्यापर्यंत यायचो आणि तसाच पुढं जायचो. दोन वर्षं! दवाखान्यातसुद्धा तू ओठ मिटून घेतलेस. म्हणालीस, "आदी राहेलला." का गं इतका हट्ट? की हट्टी मीच होतो?

तुला जाऊन महिना झाला. अजून नजर त्या बाकावर जाते आणि मी प्रार्थनेचे शब्द विसरतो.

म्हणून काल गेलो. तू गेल्याचं मावशीला कोणी सांगितलं नव्हतं, मलाही धीर झाला नाही. प्रभुभोजनाची डबी उघडली, भाकर मोडली. तिनं ओंजळ पुढं केली, मागं घेतली, आणि दाराकडं बघत म्हणाली, "तिला आदी दे की. कवाची पदराखाली हात घिऊन बसलीया."

दाराशी कोणी नव्हतं. आई, मावशी दोन वर्षांत खाटेवरून उठलेली नाही. तुझे ते हात तिला कुठं दिसले?

मी दाराशी गुडघे टेकले आणि तुकडा पुढं धरला. किती वेळ, माहीत नाही. मग मागून मावशी म्हणाली, "हां. आता मला."

येत्या रविवारी, तुला उभं केलं होतं तिथंच मी उभा राहीन, आणि आपल्या घरात याजक कोण होतं ते मंडळीला सांगीन. निरवांगीची फेरी आता चुकणार नाही. तू फक्त हात बाहेर काढ.

तुझा,
बाळू