मीना रेंजवर आली

रविवार, संध्याकाळ. करंजाडे.

ती सेमी ऑटोमॅटिक एअर रायफल डोक्यातून जात नाहीये. काय सुंदर बनवलीय! माझ्या जुन्या रायफलची नळी प्रत्येक छर्र्याला वाकवावी लागते आणि ऑपरेशननंतर उजव्या खांद्याला ते झेपत नाही. हिच्यात एकदा छर्रे भरले की नुसता चाप ओढायचा. ही घेतली नाही तर नेमबाजी सुटणार, सरळ आहे.

तरी मन कचरत होतं. या वयात एवढी हौस? शेवटी बायकोलाच आज रेंजवर नेलं. म्हटलं, मीनालाच काय ते ठरवू दे.

तिथल्या सरांनी तीच रायफल थेट तिच्याच हातात दिली. मला वाटलं, घाबरेल. तिने ओढणी खोचली, चष्मा सारखा केला आणि उभी राहिली. इतकी स्थिर! मी खांदा चोळायचा विसरलो. लागोपाठ पाच छर्रे, त्यातले चार काळ्या वर्तुळात.

"वहिनी, कुठे शिकलात?"

"कुठेच नाही हो. हे रोज हॉलमध्ये रिकामी रायफल धरून उभे असतात ना, ते बघते."

आणि मी समजत होतो, ती सिरियल बघतेय. इतकी वर्षं!

गाडीत म्हणाली, "घ्या ती. पण जुनी विकू नका, मला हवीय. माझे खांदे धड आहेत."

उद्या दुकानात फोन करतो. मीनाला उभं राहायला मात्र शिकवणार नाही. तिचं माझ्यापेक्षा सरस आहे.