शुक्रवार, नऊ ते बारा

प्रिय ताईस,

पत्र बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगते, सगळे धडधाकट आहेत. पोहण्याच्या तलावाच्या कडेला ओल्या बाकावर बसून लिहितेय, मांडीवर मधल्याची भूगोलाची वही आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, तुझा मास्तरीणपणा शाळेत ठेव. तिन्ही पोरं पाण्यात आहेत. माझ्याकडे पाऊण तास होता, त्यातली दहा मिनिटं सुरुवात कशी करू यातच गेली. सकाळपासून दोनदा तुला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. तू नुसतं हं हं करशील आणि मी भलतंच बोलत सुटेन. उद्या आमचे हे, म्हणजे आपले लिफ्टवाले, तुमच्या भागात दुरुस्तीला येणार आहेत, त्यांच्या हाती हे पाठवतेय.

सहा वर्षांपूर्वी मोठीला तुमच्या शाळेतून काढलं, तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेले नाही. जिला स्वतःच्या चपला सापडत नाहीत ती तीन पोरं घरी शिकवणार? इतकं झोंबलं मला ते, की त्याच आठवड्यात अख्ख्या घराचं ऑनलाइन कॅलेंडर केलं. मोठी जांभळी, मधला हिरवा, शेंडेफळ केशरी, लिफ्टवाले राखाडी. गणित, वाचन, लायब्ररी, भांडी कुणी घासायची, सगळं त्यात. सुरुवातीला नुसत्या भाराभर चिंध्या, एक धड नाही. एकदा दाताच्या डॉक्टरांची वेळ घालताना चुकून ‘दर सोमवारी’ करून बसले, तर मधला बिचारा चोवीस दात म्हणजे चोवीस सोमवार असं मोजून रडकुंडीला आला. पण बसली हळूहळू घडी. घरात नियम दोनच. जे कॅलेंडरवर नाही ते होणार नाही, आणि एकानं घातलेलं दुसऱ्यानं काढायचं नाही. पटत नसेल तर जाऊन बोलायचं. हा दुसरा नियम माझा, मोठ्या तोऱ्यात केलेला. लिफ्टवाले म्हणतात, आमच्या घरात रुसायचं तरी आधी वेळ घ्यावी लागते.

आता मुद्द्यावर येते. मोठीला शाळेत जायचंय, आणि तेही तुझ्याच शाळेत. हे तिनं मला सांगितलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी फोन उघडला तर या शुक्रवारी, नऊ ते बारा, जांभळी पट्टी. प्रवेश परीक्षा, आणि पुढे तुमच्या शाळेचं नाव. विचारणं नाही की चर्चा नाही, नियमाप्रमाणे मांडून मोकळी झाली. मला काय झालं म्हणून सांगू तुला. ज्या शाळेच्या नावानं ही पोर रोज सकाळी पोट धरून बसायची, तिथंच? मग मी सहा वर्षं काय केलं? अपूर्णांक शिकवायला मी अख्खं घर फूटपट्टीनं मोजलंय तिच्याबरोबर. तिला तिच्या वयाची माणसं हवीत, एवढंच असेल, मला समजत नाही का? समजतं, तरी गिळवत नाही. जवळजवळ दोन आठवडे मी त्यावर ब्र काढला नाही, तिनंही नाही. एकाच टेबलावर बीजगणित करत बसायचो आणि दोघींच्या मधे तो शुक्रवार. लिफ्टवाले म्हणाले, बोल तिच्याशी. मी म्हटलं, बघते. काय बघते, कपाळ!

थांब, फोन वाजला. ‘मधला, कान पुसणे.’ हो, तेही घातलंय. हसू नकोस. अजून वीस मिनिटं आहेत.

रविवारी सकाळी सगळे कपडे वाळत घालत होते. मी स्वयंपाकघरात एकटी होते आणि ती नोंद काढून टाकली. फोननं विचारलं, नक्की काढायची का? मी हो म्हटलं. स्वतःला समजावलं, की ती चिडेल, तणतणत येईल, मग सगळं बोलता येईल. ती आलीच नाही. संध्याकाळी पेले पुसता पुसता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “शुक्रवारी सकाळी काही आहे का गं?” आणि ताई, मी तिच्या तोंडावर म्हटलं, “नाही, मोकळं आहे.” ती बरं म्हणाली आणि पुढचा पेला घेतला. सोमवारी बघते तर त्या रिकाम्या जागी तिनं स्वतःच घातलं होतं, ‘पुस्तकांचं कपाट आवरणे’. नऊ ते बारा.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज सकाळी ठरवलं की ती नोंद परत आणायची. काढलेलं महिनाभर कचऱ्याच्या टोपलीत पडून असतं. शोधून उघडलं, तर खाली लिहिलेलं, पाहुणे एक. ती पाहुणी तू, आणि पुढे ‘येणार’. म्हणजे अर्जही तूच भरला असणार, आणि तिला न्यायलाही तूच येणार होतीस. खोटं कशाला बोलू, आधी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पाठीमागे मावशी-भाचीचं हे चाललंय! मग लक्षात आलं, पाठीमागे कुठे, पंधरा दिवस माझ्या नाकासमोर होतं. मी ती पट्टी नुसती बघून जळत होते, उघडून वाचली एकदाही नाही. आणि मग आणखी एक लक्षात आलं. नोंद काढली की पाहुण्याला निरोप जातो. रविवारी तुला परीक्षा रद्द झाल्याचा निरोप आला असणार, आणि तोही तिच्या नावानं.

ते तिनं रद्द केलेलं नाही, मी केलंय. ती घाबरली नाही, तिचं मन बदललेलं नाही. तुझ्यावर रुसून गप्प बसलीय असं तुला वाटलं असेल, तर तसंही नाही, तिला वाटतंय की आई नको म्हणाली. तू यादीतून तिचं नाव काढलं असशील तर उद्या हे वाचल्या वाचल्या परत घाल. ऑफिसात कुणापुढे हात जोडावे लागले तर माझं नाव सांग, म्हण आईचा गाढवपणा. आज घरी गेल्यावर मी तिला सगळं सांगणार आहे, आणि शुक्रवारी तिला मी आणायचं की तू न्यायला यायचं, ते ती ठरवेल. ती बघ, पाण्यातून बाहेर आलीय आणि धाकटीचे केस पुसतेय, मला उठायला हवं. एकच कबूल करते, हे कुणाला दाखवू नकोस. सकाळी तुला फोन लावला तेव्हा मनात आलं, तिचं नाव यादीतून गेलेलंच असलं तर किती बरं. म्हणून कापला. म्हणून हे कागदावर लिहून दुसऱ्याच्या हाती देतेय, म्हणजे मला परत घेता येणार नाही. तिचं नाव घाल, ताई. माझ्यावर सोडू नकोस.

तुझीच,
चपला अजून न सापडणारी