दुप्पट शक्तीचं पोतं

२ मार्च, सोमवार

पुन्हा दुप्पट! हा शब्द साहेबांच्या डोक्यात कुणी भरवला कोण जाणे. आपला कारखाना कुत्र्यांच्या खाद्याचा, पण सगळा जीव पोत्यावरच्या अक्षरांत. नवी पोती छापून आली — 'दुप्पट शक्ती, मजबूत हाडं', लालभडक. आणि छापून झाल्यावर मला बोलावून विचारतात, आता आत काय घालायचं!

मी समजावलं. शिजवताना थोडी व्हिटॅमिनं जळतात, म्हणून आपण आधीच जरा जास्त घालतो. त्यावर आणखी नको. डी तर नकोच. ते अंगातून सहजी बाहेर पडत नाही, साठत जातं आणि शेवटी मूत्रपिंडावर येतं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, व्हिटॅमिनच आहे ना? विष तर नाही."

मी हात टेकले. व्हिटॅमिनांचं नवं मिश्रण जुन्यापेक्षा बरंच कडक येणार आहे. भांडून भांडून ते मर्यादेच्या आत आणलं. अगदी काठावर आहे, पण आत आहे. गुणवत्ता बघायची माझी नोकरी म्हणजे दिवसभर नाही म्हणायची नोकरी.

५ मार्च, गुरुवार

तपासणीवाले पुढच्या आठवड्यात येणार, आणि मिक्सरच्या झाकणावर रिकाम्या पिशवीची घडी! मिश्रणाची पिशवी मिक्सरमध्ये ओतायची आणि तिची चौकोनी घडी घालून तिथेच झाकणावर ठेवून द्यायची. खाण्याच्या वस्तूचं यंत्र आहे की अडगळीचं कपाट?

मिक्सरवर दोघं असतात. सकाळपाळीला थोरला, दुपारपाळीला धाकटा. नात्याने मेहुणे. एकाने दुसऱ्याची स्कूटर नेली आणि ठोकून आणली, तेव्हापासून दोघांत विस्तव जात नाही. पाळी बदलताना एक या दाराने बाहेर, दुसरा त्या दाराने आत. त्यामुळे दोघांना वेगवेगळं गाठून दम द्यावा लागला — उद्यापासून झाकणावर चिटोरंही दिसता कामा नये. थोरला काहीतरी बोलायला लागला होता. म्हटलं, सबबी नकोत.

७ मार्च, शनिवार

झाकण लख्ख. बोलल्याशिवाय कुणी काही करत नाही हेच खरं.

नव्या खाद्याचं पहिलं पोतं घरी आणलं. स्टाफला शनिवारी एक छोटं पोतं फुकट मिळतं. पाळी बदलताना मिक्सरमध्ये जो घाणा असतो, त्यातूनच ती भरतात. आईने तोंड वाकडं केलं. या खड्यांना अन्न म्हणतात का, ढब्बूला भात-अंडं मिळतंय तेच बरं आहे, वगैरे. मी चिडले. घरचाच कुत्रा खात नसेल तर मी लोकांना कुठल्या तोंडाने सांगू? आजपासून ढब्बूला हेच. दुसरं काही नाही!

आई लगेच बरं म्हणाली. आश्चर्यच.

१७ मार्च, मंगळवार

तपासणी पार पडली. स्वच्छतेबद्दल शाबासकी! पण घरी येते तर जिन्यात तळं. खालच्या शिंपीणबाईंच्या कुत्रीचा, चिंधीचा प्रताप.

१८ मार्च, बुधवार

परत चिंधी. चपला धुतल्या.

२६ मार्च, गुरुवार

आज शिंपीणबाईंना धरलंच. वीतभर कुत्री आणि रोजचा हा पूर! त्या यंत्रावरून उठून आल्या, गळ्यात टेप तशीच. म्हणाल्या, चिंधी हल्ली पाणीच फार पिते, भांडं भरून ठेवलं की रिकामं. म्हटलं, मग कमी ठेवा, सोपं आहे. त्यावर म्हणाल्या, "तुमच्या घरचे तर उपकारच आहेत हो आमच्यावर."

टोमणा! जिना आम्ही पुसायचा आणि वर हे ऐकायचं.

कारखान्यात तक्रारीचा फोन. कुत्रं खात नाही, उलट्या करतं. ऊन वाढलंय म्हणावं. मी ठासून सांगितलं, माझा कुत्रा हेच खातो आणि ठणठणीत आहे. समोरचा लगेच मवाळ झाला. यापुढे हेच वाक्य वापरायचं.

३ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर फोन. खात नाही, मलूल पडलंय, सारखं पाणी पितं. प्रत्येकाला ढब्बूची गोष्ट ऐकवली.

मग एका पशुवैद्यांचा फोन आला. त्यांच्याकडे आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढलंय, आणि सगळी आमचंच खाणारी. खाद्यात डी किती, असं विचारलं. मी पोत्यावरचा आकडा सांगितला. म्हणाले, छापलेला नको, मोजलेला सांगा. काय हा आवाज! जणू मी त्यांची विद्यार्थिनी.

तरी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. त्यांच्याकडे रांग आहे, निकालाला वेळ लागेल. साहेबांचं एकच पालुपद — घाबरून पोती परत मागवली तर कारखान्याला टाळं.

७ एप्रिल, मंगळवार



मिक्सरवर जाऊन थोरल्याला विचारलं, मिश्रण नीट पडतंय ना? म्हणाला, माझं पडतं, त्याचं त्याला विचारा. म्हणजे काय? मग सगळं बाहेर आलं. पाळी बदलताना एक घाणा अर्धवट असतो. त्यात मिश्रण पडलंय की नाही हे दुसऱ्याला कळावं म्हणून ती घडी! झाकणावर घडी दिसली की पडलं, नाही दिसली की ओतायचं. बोलायचं नाही म्हणून दोघांनी लावून घेतलेली ही पद्धत, न बोलताच. आणि ती मी बंद केली.

"मी सांगणार होतो मॅडम," थोरला म्हणाला. "तुम्ही म्हणालात सबबी नकोत. मला वाटलं, तुम्ही दुसरी सोय केली असेल."

धाकट्याला घडी दिसत नाही, म्हणून तो पाळीबदलाचा घाणा आला की पुन्हा ओततो. रोज! कागदावर दोघंही आपापली एकेकच पिशवी लिहितात, वेगवेगळ्या पानांवर. मला कधी संशय आला नाही.

गोदामात जाऊन पिशव्या मोजल्या असत्या तर लगेच कळलं असतं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मला भीती वाटली, बस.

८ एप्रिल, बुधवार

साहेबांना सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. पोती परत मागवायला हवीत असंही म्हटलं. त्यांनी मध्येच विचारलं, "तुमचा ढब्बू कुठल्या घाण्याचं खातो?"

पाळीबदलाच्याच.

"आणि कसा आहे?"

ठणठणीत.

"मग?"

खरं सांगायचं तर मलाही हा 'मग'च हवा होता. महिनाभर रोज तेच खाऊन ढब्बू चप्पल तोंडात धरून घरभर धावतो. दुप्पट पडलं असतं तर त्याला आधी झालं असतं. कदाचित धाकटा एखाद-दोनदाच चुकला असेल. निकाल येईपर्यंत थांबायचं ठरलं. घडी मात्र मी स्वतः झाकणावर परत ठेवायला लावली. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघालेच.

घरी आल्यावर ढब्बूला कुशीत घेतलं. मला इतकं हायसं वाटलं!

११ एप्रिल, शनिवार

जिना कोरडा! काल संध्याकाळपासून एक थेंब नाही. शिंपीणबाईंना अखेर लाज वाटली म्हणायची. कुणाला एकदा खडसावल्याशिवाय काही होत नाही.

पशुवैद्यांचा पुन्हा फोन. एक कुत्रं गेलं, दुसरं सलाईनवर आहे. मी ढब्बूचं सांगितलं. म्हणाले, तुमचा कुत्रा म्हणजे प्रयोगशाळा आहे का? उद्धट माणूस. फोन ठेवला आणि नवं पोतं घेऊन घरी आले.

१२ एप्रिल, रविवार

आई सकाळी म्हणाली, ते पोतं आता आणत जाऊ नकोस. का, ढब्बूला कंटाळा आला का?

"ढब्बूने कधी तोंड लावलंय त्याला? तो भात-अंडंच खातो. पोतं मी शिंपीणबाईंना देत होते, चिंधी आवडीने खायची. परवा गेली बिचारी." आई म्हणाली, "तू चिडतेस गं, म्हणून नाही सांगितलं."

साहेबांना फोन लावला. म्हटलं, माझा कुत्रा हे खात नाही, कधीच खात नव्हता, पोती परत मागवा. मग पशुवैद्यांना लावला आणि घडीपासून सगळं सांगितलं.

खाली शिंपीणबाईंचं यंत्र चालू आहे. मी अजून जिना उतरलेले नाही.