दारूच्या नावावर

रिसोड, १२ फेब्रुवारी १९७४

आज केनवडला दिनकरच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. दारू सुटावी म्हणून. त्याचा दोस्त म्हणून मलाही बोलावलं होतं. त्याची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून पेते हा, मास्तर? बायको करून देल्ली, वावर हाय. तुमीच सांगा त्याले, तुमचं आयकते." त्याचे काका हसले, "मास्तरच्या खोलीतूनच त झुलत येते थो!"

मी मान खाली घातली. काहून पितो ते मला माहीत आहे. चार वर्षं माझ्या खोलीतला पितळी पेला मीच भरत आलो. न पिता तो माझ्या अंथरुणापाशी यायचाच नाही. लग्नानंतर तर एका पेल्यात भागेना. बायको करून दिली म्हणे! त्याला विचारलं होतं कुणी?

संध्याकाळी तो एसटीने माझ्या खोलीवर आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"पेलो असलो का सकाळी म्हणता येते, दारूनं केलं. आता कोनाच्या नावावर घालू?"

माझ्या नावावर घाल, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मीही त्याच दारूआड लपलो होतो, एक थेंब न पिता. त्याच पेल्यात पाणी दिलं. ते पिऊन तो परत गेला.

त्या माळेचा राग येतो. हसणाऱ्या काकांचा येतो. चार वर्षांत आज पहिल्यांदा तो माझ्याजवळ शुद्धीत होता, आणि मी त्याला हातही लावला नाही.