बुरणुसात गुंडाळलेलं भांडं

तुइन नदीकाठ, बायनखोंगोर
३ सप्टेंबर

प्रिय उयांगा,

थोरल्या नणंदेचे तुला आणि नोमिनला आशीर्वाद. शरद ऋतू सुखात चाललाय ना? आमची जनावरं पुष्ट आहेत, गवतही यंदा बरं आहे. नोमिन आता पहिलीत बसली असेल. केसांना पांढऱ्या फिती बांधल्यास का?

पत्रास कारण की, आईने अंथरूण धरलं आहे. सारखी तुमची नावं घेते. ओचिरच्या गाडीतून माझ्या लाकडी भांड्यात दही पाठवते आहे. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तुला सांगायला नको. शहरातलं काहीबाही भर आणि तू स्वतः घेऊन ये. नोमिनलाही आण. दाशन्याम आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

इथवरचं पान तुझ्या नवऱ्याने वाचलं. "बरं जमलंय, ताई," म्हणाला आणि घोडे बघायला टेकडीपलीकडे गेला. आता हे दुसरं पान. हे मी बुरणुसाच्या घडीत घालणार आहे. दह्यावरचा बुरणूस तू कुणाला सोडू देत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आईला काही झालेलं नाही. आत्ता ती बाहेर शेळ्यांचं दूध काढते आहे आणि शेळ्यांपेक्षा जास्त ओरडते आहे. "झालं का गं? पत्र लिहितेस की पोथी?"

सकाळी दूध तापवलं. तीच बिडाची कढई, तोच वाकड्या दांड्याचा डाव. फेस येईस्तोवर उंचावरून दूध ओतत राहिले. पहिला डाव आभाळाला शिंपडला. कोमट झाल्यावर करंगळी बुडवून पाहिली, विरजण लावलं आणि भांडं गुंडाळून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं. दही लागेपर्यंत गेरच्या तंबूत मोठ्याने बोलायचं नाही, असं तू नोमिनला शिकवलं होतंस. दाशन्याम झिंगून आला की ती तोंडावर बोट ठेवून म्हणायची, "बाबा, दही झोपलंय." तो हसायचा. एके दिवशी हसला नाही.

त्याच्या लाथेने भांड्याचा काठ फुटला, तिथे मी तांब्याची पट्टी मारून घेतली आहे. तुझ्या मनगटाबद्दल मात्र या घरात अजून कुणी बोलत नाही. तू घोड्यावरून पडलीस, असंच आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

ही सगळी युक्ती आईचीच. काल चहा पिता पिता म्हणाली, "बोलावून यायची नाही ती. पण दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेणारीही नाही, वळण चांगलंय तिला. भांडं पाठवा, त्याच्या मागोमाग येईल."

दाशन्याम म्हणाला, "एकदा येऊ दे, मग बघतो कशी जाते ती. पोरीला तर मी सोडणारच नाही."

"अरे, आणि तिची शाळा?" मी विचारलं.

"शेळ्या राखायला कसली शाळा लागते?"

हे तो शुद्धीत बोलला, उयांगा. पिऊन बोलला असता तर मी हे पान लिहिलं नसतं.

माझा तुझ्यावर राग आहेच. जाताना मला तरी सांगायचंस! नोमिनची टोपी खुंटीवर राहिली होती, ती मी उशाशी घेऊन झोपते. तुम्ही दोघी दारात उभ्या आहात असं मला रोज दिसतं. इतकं वाटतं तुम्ही यावं म्हणून. तरीही सांगते, येऊ नकोस. आई मेली असं कळवलं तरी येऊ नकोस.

आता भांड्याचं. ते घरात ठेवून तुला घास गोड लागणार नाही, मी ओळखते तुला. पण हे भांडं आईचंही नाही आणि दाशन्यामचंही नाही. माझ्या लग्नासाठी बाजूला काढलेलं होतं. लग्न काही झालं नाही, भांडं तेवढं राहिलं. तेव्हा ते कुणाला द्यायचं हे मीच ठरवणार, आणि मी ते तुला दिलं. आता ते तुझं. स्वतःचंच भांडं परत कुणाला करशील? त्यातलं चमचाभर दही मात्र रोज विरजणाला मागे ठेवत जा. शहरातलं दूध पातळ, थोडं जास्त लावावं लागेल.

ओचिर तुमच्याशिवाय, रिकाम्या हाताने परतला की दाशन्याम मला जाब विचारेल. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण "माझं होतं, मी दिलं," एवढं मी त्याच्या तोंडावर म्हणणार आहे. सकाळपासून मनात तेच घोकते आहे.

टेकडीवर धूळ दिसते आहे, तो परत येतोय. दही छान लागलंय, आत्ताच बोट लावून पाहिलं.

नोमिनला म्हणावं, आत्याने तुझ्यासाठी पाठवलंय. आणि सांग, आता तुमच्या घरात दही झोपलेलं असताना कुणी ओरडणार नाही.

भांडं परत न मागणारी,
तुझी नणंद दुलमा