समासात लिहिलेले अर्थ

गुरुजी, इतक्या उशिरा लिहितो आहे, राग धरू नका. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे होत आली, सालाचा आकडाही आता दोनाने सुरू होतो, आणि मी दरवर्षी लिहायला बसलो नि उठलो. सध्या जर्मनीत, स्टुटगार्टला मुलाकडे असतो. सकाळी सगळे बाहेर पडले की घर इतके शांत होते की मला उगीच वाटत राहते, शेगडी बंद केली ना, दार लागले ना. दोनदा बघून येतो आणि बसतो. समोरच्या उतारावरची छपरे धुक्यात बुडतात आणि त्यातून तुमचा वर्ग हळूहळू वर येतो.

तुम्ही फळ्यावर हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी शब्द लिहिता आणि सांगता, ही माणसे शरीराला हाडांचे घर म्हणत. खिडकीला डोळ्याचे दार. करंगळीला कानाचे बोट, कारण कानात तेवढेच जाते. वर्ग हसतो. मी माझ्या करंगळीकडे बघत राहतो. सातवीनंतर शाळा सुटली, मी बाइंडिंगच्या दुकानात लागलो, पण ते शब्द सुटले नाहीत.

निवृत्त झाल्यावर तुम्ही तुमची वही माझ्याकडे बांधायला आणलीत. तालुक्याच्या वाचनालयातल्या जाड कोशातून वर्षानुवर्षे उतरवलेले शब्द. शब्द ओळीत, अर्थ पार कडेला, समासात. म्हणजे मुलांनी अर्थावर तळहात ठेवून आधी स्वतः विचार करावा. “घाई नाही,” तुम्ही म्हणालात, “पण दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.”

नाही दिली. शिलाई मीच केली, खळ मीच लावली, आणि रोज शंभर वह्यांच्या कडा सरळ करतो त्याच सवयीने ती कागद कापायच्या यंत्रात धरून दांडा ओढला. पट्ट्या खाली पडल्या. त्यांवर तुमचे अक्षर होते.

तुम्ही तीनदा विचारायला आलात. तिन्ही वेळा मी म्हणालो, खळ वाळायची आहे. त्यानंतर तुम्ही गेल्याचीच बातमी आली.

माझी सून इथल्या विद्यापीठात जुन्या इंग्रजीवरच प्रबंध लिहिते. परवा तिने माझ्या बॅगेतली वही पाहिली. “बाबा, अहो, हे अर्थ कापले कोणी?” मी म्हणालो, उंदरांनी खाल्ले.

“पट्टी लावून, इतके सरळ?”

मी वही मिटू लागलो. ती शेजारी बसली आणि पान पुन्हा उघडून एकेक अर्थ सांगू लागली. हातमोज्याला ते हाताचा बूट म्हणत. नातीला त्यात काहीच नवल वाटले नाही. तिने स्वतःचे हातमोजे दाखवून ‘हांडशू’ म्हटले आणि खेळायला गेली, जर्मनमध्ये आजही तसेच म्हणतात म्हणे. पुढचा शब्द होता छातीतली ठेव. सून म्हणाली, म्हणजे मनातले विचार. आता रविवारी बसून सगळे अर्थ पुन्हा लिहून काढू, असे तिने ठरवले आहे.

पण ते कोशातले अर्थ असतील, गुरुजी. छातीतल्या ठेवीपुढे तुम्ही काय लिहिले होते, ते मी कितीही डोळे मिटले तरी दिसत नाही. वाचलेच नव्हते. पट्ट्या जपून चिकटवता आल्या असत्या, मला ते काम येत होते. कुणी पाहू नये म्हणून मी त्या खळ शिजवायच्या शेगडीत घातल्या. हे आजवर कुणालाच सांगितलेले नाही.

तुमच्या शब्दांपुढे दुसऱ्याचे अर्थ लिहू द्यावेत का, एवढेच कळवा. रविवारच्या आत कळवा. स्वप्नात आलात तरी चालेल, मी हल्ली दुपारीही झोपतो.